टॉर्टिया पिझ्झा मधे ओला, कडेला करपलेला: दर वेळी हेच का होतं?

तक्रार तीच असते, सांगणारं माणूस तेवढं बदलतं. "काकू, कडा काळ्या आणि मधे नुसता चिखल." "वहिनी, चीज वितळेस्तोवर खालून कोळसा झाला हो." आमच्या सांगलीत, विश्रामबागेत, रविवारी संध्याकाळी पोरांना पिझ्झा हवा असतो. मैदा भिजवून तो फुगायची वाट बघायला कुणाला सवड नसते, मग फ्रिजमधून टॉर्टियाचं, म्हणजे तयार भाजलेल्या पातळ पोळ्यांचं पाकीट निघतं. सॉस, भाज्या, चीज, की दहा मिनिटांत ताटात. यात वाईट काहीच नाही. पण एकदा बिघडलेला पिझ्झा पुढच्या वेळीही तसाच बिघडतो, कारण लोक सॉस बदलतात, चीजची कंपनी बदलतात, आणि बिघाड जिथं आहे तिथं हातच लावत नाहीत.

मला जे फोटो येतात ते कायम वरून काढलेले. चीज, मिरची, मका, सगळं देखणं. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: उलथन्यानं उचला आणि खालची बाजू दाखवा.

खालची बाजू बघितली की निम्मं निदान होतं. सगळी पांढरी आणि लवचीक असेल तर तवा तापलाच नव्हता. काळं रिंगण आणि मधे पांढरा गोल असेल तर दोष तव्याचा आणि बर्नरचा. मधोमध काळा डाग आणि वर चीज अजून किसाच्याच आकारात, तर वरून आच पोचलेली नाही. खालून सगळीकडे छान तांबूस, तरी तुकडा उचलला की टोक लोंबतं, तर पाणी वरून आलंय. बहुतेक घरांत यातली दोन दुखणी एकदम असतात, म्हणून एकाच उपायानं भागत नाही.

पाणी कुठून येतं

आठ इंची मैद्याची टॉर्टिया हातात घेऊन बघा. वजन ५० ग्रॅमच्या आसपास, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. आता टोमॅटो घ्या. त्यात साधारण ९४ टक्के पाणी असतं. ५० ग्रॅम टोमॅटोच्या चकत्या रचल्या तर त्यातलं ४७ ग्रॅम पाणी झालं. म्हणजे टॉर्टियाच्या वजनाइतकं पाणी आपणच तिच्या डोक्यावर ठेवलं! ढोबळी मिरची आणि मशरूम ९२ टक्क्यांच्या घरात, कांदा ८९. वर कुणीतरी हौसेनं मीठ भुरभुरवतं. मग काय, कोशिंबिरीला सुटतं तसं पाणी सुटतं.

यीस्टच्या जाड पिझ्झ्याला हे थोडंफार चालून जातं, त्याच्या जाळीत ओल मुरते. नेपल्सच्या पद्धतीच्या लाकडी भट्टीत तर ४३० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो, भाजीला पाणी सोडायला वेळच मिळत नाही. आपल्या तव्यावर तीच भाजी झाकणाखाली पाच मिनिटं वाफलत बसते. पाचगणी-महाबळेश्वरला लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा खाऊन आलेली मंडळी घरी येऊन तसंच कच्चं मशरूम, तसाच कच्चा टोमॅटो रचतात. भट्टी मात्र तिकडेच राहिलेली असते.

तेव्हा भाजी आधी वेगळी परतायची. मशरूम मोठ्या आचेवर, तेल न घालता, पाणी सुटून ते पूर्ण आटेपर्यंत. कांदा आणि मिरची दोनेक मिनिटं, करकरीतपणा जाऊ न देता. टोमॅटो हवाच असेल तर बिया आणि गर काढून टाका, सालीकडचा टणक भाग तेवढा बारीक चिरून घ्या. मका उकडल्यावर फडक्यावर पसरून कोरडा करा. पनीर पाण्यात ठेवलेलं असेल तर दाबून, तव्यावर लालसर करून मगच घाला. मीठ सॉसमध्ये असतं, चीजमध्ये असतं, तिसऱ्यांदा नको.

सॉस किती? आठ इंचाला एक टेबलस्पून, सपाट. लोक तीन घालतात आणि मग मला फोटो पाठवतात. दाटपणा तपासायला चमचाभर सॉस ताटलीत ठेवून ताटली तिरकी करा. कडेनं पातळ पाणी वेगळं पळालं तर सॉस अजून आटवायला हवा. घरी करणार असाल तर टोमॅटोची प्युरी, लसूण आणि तेल, कडेनं तेल सुटेपर्यंत. केचप थेट लावू नका. त्यात साखर भरपूर असते, ती ओघळून तव्याला लागली की पिझ्झा व्हायच्या आत जळका वास येतो.

आपल्याकडे पिझ्झ्यावर कांदा-लसूण मसाला भुरभुरवणारी घरं काही कमी नाहीत. माझा त्याला विरोध नाही, उलट ओरेगॅनोच्या पुडीपेक्षा मला तोच आवडतो. फक्त तो वरून कोरडा टाकला तर ओव्हनमध्ये करपतो आणि दाताखाली कचकच लागतो. सॉस आटत आला की त्यात अर्धा चमचा मसाला घालून मिनिटभर परता, चव सगळीकडे सारखी लागते.

ओल अडवायला आणखी एक आड. टॉर्टियावर सॉस लावायच्या आधी तेलाचा किंवा लोण्याचा पातळ हात फिरवा आणि त्यावर चिमूटभर चीज किसून टाका. सॉस त्याच्यावर. स्निग्ध थर असला की ओल खाली झिरपायला वेळ लागतो, आणि आपल्याला पाचच मिनिटं काढायची असतात.

तवा कुठला, यावर अर्धा खेळ आहे

पोळीचा तवा मधे किंचित खोलगट असतो. पोळीला तेच हवं असतं. पण त्यावर सॉस लावलेली टॉर्टिया ठेवली की सुटलेलं सगळं पाणी उताराला लागून मधोमध जमतं. "मधेच का ओला राहतो?" या प्रश्नाचं पुष्कळसं उत्तर एवढंच आहे. त्यात गॅसच्या मोठ्या बर्नरची ज्योत गोल कड्यासारखी असते. पातळ तवा त्या कड्याच्या वर सगळ्यात जास्त तापतो, मधला भाग त्या मानानं थंड. म्हणजे जिथं पाणी सगळ्यात जास्त, तिथंच आच सगळ्यात कमी. फोटोतलं ते काळं रिंगण म्हणजे बर्नरचा शिक्का असतो.

सपाट डोशाचा तवा वापरा. बिडाचा असेल तर उत्तम. जाड असल्यामुळे तो उष्णता धरतो आणि चौफेर पसरवतो. मात्र त्याला तापायला वेळ द्या, मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडाला की तवा तयार. नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंशांच्या वर त्याचा लेप बिघडायला लागतो आणि रिकामा तवा बघता बघता तिथं पोचतो. नॉनस्टिकवर मंद आच, टॉर्टिया ठेवल्यावरच. आणि पातळ पोळीच्या तव्याशिवाय घरात काहीच नसेल, तर छोटा बर्नर घ्या आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं तवा सरकवत राहा, मधला भाग ज्योतीवर येईल असा.

इंडक्शनवाल्यांचं दुखणं निराळं. माझा भाचा मिरजेला शिकायला आहे, खोलीत इंडक्शन. "मावशी, आच कमी ठेवूनही जळतंय." बरीच स्वस्त इंडक्शन आच कमी केली की ताकद कमी करत नाहीत, पूर्ण ताकदीनं चालू-बंद, चालू-बंद करतात. पातळ भांड्यात प्रत्येक चालूला एक चटका बसतो. जाड बुडाचा सपाट तवा घेतला की ते झटके तो पोटात घालतो. त्याला मी तेवढंच सांगितलं. पुढचा फोटो आला नाही, म्हणजे जमलं असावं.

खालून झालं, वरून नाही

टॉर्टिया मुळात भाजलेलीच असते. तिला खालून कुरकुरीत व्हायला दोन मिनिटं पुरतात. फ्रिजमधल्या चीजला वितळायला मंद आचेवर पाच मिनिटं लागतात. ही तीन मिनिटांची तफावत हाच या पदार्थातला खरा पेच आहे. आच वाढवली तर खालचं जळतं. झाकण ठेवलं तर चीज वितळतं खरं, पण वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत पिझ्झ्यावर पडते. बेकरीत हा प्रश्न नसतो, तिथं वरूनही आच असते. आपल्याकडे काकडीचं धोंडस करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे, ते याच हिशेबानं.

निखारे आता कुठून आणणार? पण लोखंडी कढई आहे ना. ती शेजारच्या बर्नरवर पालथी घालून तीन-चार मिनिटं तापवा. पिझ्झा रचून तयार झाला की जाड फडक्यानं धरून ती तव्यावर पालथी झाका. तापलेल्या लोखंडाची धग वरून बसते, चीज दीड-दोन मिनिटांत वितळतं आणि गरम कढईवर वाफेचे थेंब जमत नाहीत. कढई तव्यापेक्षा थोडी लहान हवी. काचेचं झाकण असं ज्योतीवर तापवू नका, तडकतं. प्लास्टिकच्या मुठीचं झाकणही नको.

एवढा खटाटोप नको असेल तर साधं झाकण ठेवा, पण आतून कोरडं फडकं बांधून, किंवा एका बाजूनं उलथन्याची दांडी अडकवून फट ठेवून. फडक्याची टोकं वर बांधा, खाली लोंबली तर गॅसवर जातील.

क्रम असा ठेवा. तवा तापला की कोरडी टॉर्टिया त्यावर टाका. काट्यानं सात-आठ ठिकाणी आधी टोचून घ्या, नाहीतर ती फुलक्यासारखी फुगते आणि वरचा सगळा संसार कडेला घसरतो. एक बाजू पाऊण मिनिट, डाग पडायला लागेपर्यंत. उलटा. आता गॅस बारीक करा. भाजलेली, कडक झालेली बाजू वर आली, तिच्यावर तेल, चिमूटभर चीज, सॉस, भाजी, उरलेलं चीज. सामान आधीच हाताशी हवं, कारण रचायला मिनिटभराच्या वर लागलं की खालची बाजू आपल्यासाठी थांबत नाही. हात संथ असेल तर टॉर्टिया खाली ताटात काढून रचा आणि मग परत तव्यावर सरकवा. भाजी आणि चीज कडेपर्यंत न्या. उघडी कड सगळ्यात आधी करपते, कारण तिथं ओल नसते.

भाजलेल्या बाजूवर रचणं हे ओल्या मधल्या भागाचं सगळ्यात मोठं औषध आहे. बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा.

चीज

चीज वितळत नाही अशी तक्रार आली की मी विचारते, फ्रीझरमधून काढून किती वेळ झाला? तुकडे केलेलं गोठवलेलं मोझरेला थेट टाकलं तर त्याच्यावरच्या बर्फाचं पाणी होतं आणि ते कुठं जातं ते आता सांगायला नको. रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा. अख्खी लादी असेल तर थंड असतानाच किसा आणि कीस पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. बारीक कीस लवकर वितळतो, फोडी वेळ खातात. किसून विकतात त्या चीजला चिकटू नये म्हणून पूड लावलेली असते, त्यानं ते थोडं उशिरा एकजीव होतं. पाण्यात बुडवलेले ताज्या मोझरेलाचे गोळे टॉर्टियावर नकोच.

चौकोनी क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज वितळतं, मऊ होतं, पण तार धरत नाही. त्यात ते घोटून एकसारखं राहावं म्हणून क्षार घातलेले असतात, ताणायचा गुण त्यात जातो. नुसत्या मोझरेलाला चव कमी, नुसत्या क्यूबला तार नाही, म्हणून मी दोन वाटे मोझरेला आणि एक वाटा क्यूब घेते. आठ इंचाला सगळं मिळून ४०-५० ग्रॅम. याहून जास्त घातलं की तूप सुटल्यासारखं तेल वर येतं आणि तुकडा हातात धरवत नाही. पनीर किसून "चीजसारखं" वितळेल अशी आशा ठेवू नका. आंबट घालून तापलेल्या दुधातून ते तयार होतं, ते गरम केल्यावर घट्टच होत जातं.

ओटीजी, एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह

ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, २२० ते २३० अंश, वरची-खालची दोन्ही कॉइल, आणि ट्रे आतच ठेवून पंधरा मिनिटं तापवायचा. गार ट्रेवर ठेवलेली टॉर्टिया खालून वाफलते. रचलेली टॉर्टिया तापल्या ट्रेवर सरकवली की पाच-सहा मिनिटांत काम होतं.

एक गोष्ट कृतीत कुणी लिहीत नाही. तासगावकडे माझी नणंद मळ्यात राहते. संध्याकाळी विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की तिच्याकडे व्होल्टेज पडतं आणि ओटीजी "चालू आहे पण तापत नाही". कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर उष्णता साधारण ६१ टक्केच मिळते. घड्याळ बघून सहा मिनिटांत काढलेला पिझ्झा मग कच्चाच असणार. वेळ दीडपट करून उपयोग नाही, मंद उष्णतेत टॉर्टिया वाळते आणि भाजी पाणी सोडत बसते. अशा वेळी सरळ गॅसवर या.

एअर फ्रायरमध्ये पंखा असतो हे लोक विसरतात. हलकी टॉर्टिया उचलली जाते, चीजचा कीस उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि धूर होतो. टॉर्टिया आधी एकटीच दोन मिनिटं १८० अंशांवर, वर स्टीलची छोटी जाळी ठेवून कडक करा, मग रचा. चीज भाजीच्या वर न टाकता थोडं खाली, थोडं मधे घाला आणि सगळ्यात वर भाजीचं वजन ठेवा. १८० वरच चार मिनिटं. २०० ला कडा आधी जातात.

नुसत्या मायक्रोवेव्हवर करू नका. तो आतल्या पाण्याला तापवतो, पृष्ठभाग कधी भाजलाच जात नाही. आधी लिबलिबीत, गार झाल्यावर चामडं.

पाकिटातल्या टॉर्टिया आणि कालची पोळी

पावसाळ्यात उघडलेल्या पाकिटातल्या टॉर्टिया एकमेकींना चिकटतात आणि ओढल्या की फाटतात. थंड असताना ओढू नका, पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. उरलेल्या ठेवताना मधे बटर पेपर घाला. मक्याची टॉर्टिया पिझ्झ्याला घेऊ नका, ओल लागली की ती चिरते. गव्हाची चालते, पण कोंड्यामुळे पाणी जास्त पिते, म्हणून सॉस अजून कमी.

टॉर्टिया नसेल तर कालची पोळी चालते का, हेही नेहमीचं विचारणं. चालते, आणि कालचीच चालते. ताजी नाही, कारण ती अजून ओली असते. घडीच्या पोळीचे पदर सुटतात आणि वरचा पदर चीजसकट हातात येतो, म्हणून फुलका बरा. ज्वारीच्या भाकरीवर करून बघणारेही आहेत. भाकरी वाळलेली असेल तर चव छान लागते, पण तिचा तुकडा वळत नाही, मोडतो. ताटातच खायचा.

तयार झालेला पिझ्झा स्टीलच्या ताटात काढू नका. खालची वाफ गार स्टीलला लागून पाणी होते आणि एवढा खटाटोप करून मिळवलेला कुरकुरीतपणा दोन मिनिटांत जातो. पापड भाजायच्या जाळीवर किंवा लाकडी पाटावर काढा, मिनिटभर थांबा आणि कात्रीनं कापा, सुरीनं दाबलं की टॉपिंग सरकतं. उरला तर दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर, झाकण न ठेवता, बारीक गॅसवर तीन मिनिटं.